मोगलाईतली माय

आधार कार्डावर माझ्या आजीची जन्मतारीख १ जानेवारी होती. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांची तीच आहे. साल कार्ड काढणाऱ्या पोराने तोंडाकडे बघून टाकलं आणि तिला चांगली आठ-दहा वर्षं तरुण करून ठेवलं. घरात तिला सगळे माय म्हणत. मायला सन, तारीख, महिना यांतलं काही सांगता येत नसे, पण मानमोडी आली तेव्हा आपण आईच्या कडेवर होतो, धरून उभं राहत होतो, पाऊल टाकत नव्हतो, एवढं तिने स्वतःच्या आईकडून पक्कं ऐकलेलं होतं. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीत तिची थोरली बहीण गेली, चुलता गेला. आई तापाने पडली म्हणून हिला शेळीच्या दुधावर जगवलं. म्हणजे जन्म १९१७ चा धरायला हरकत नाही.

तिचं माहेर कन्नडकडचं. आमच्या नांदगाव तालुक्याच्या दक्षिणेला डोंगर आहे, तो ओलांडला की तेव्हा निजामाचं राज्य लागायचं. आमच्याकडे त्या मुलखाला मोगलाई म्हणत. मोगल जाऊन दोनशे वर्षं झाली होती, तरी नाव तेच. अलीकडे इंग्रज, पलीकडे निजाम, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाणंही वेगळं. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली, आणि हालीचा भाव कलदारपेक्षा कमी. मायच्या लग्नात या फरकावरून दोन्ही व्याही एक रात्र न जेवता बसून राहिले होते. देणंघेणं ठरलं ते रुपयांत ठरलं, पण कोणते रुपये ते कुणी बोललंच नव्हतं.

ते लग्न घाईत झालं. माय सांगायची, "सरकार लग्नं बंद करणार व्हतं म्हणून उरकलं माझं." लहानपणी आम्हाला ही तिची थाप वाटायची. पुढे वाचनात सारडा कायदा आला तेव्हा थाप खरी निघाली. मुलीचं वय किमान चौदा आणि मुलाचं अठरा असलं पाहिजे, असा तो कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मधल्या सहा महिन्यांत देशभर लहान पोरापोरींच्या लग्नांचा धडाका उडाला. मायचं लग्न त्यातलंच. गंमत अशी, की कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. लग्न लागलं मोगलाईत, मुलीच्या दारी, तिथे त्याची काही मातब्बरी नव्हती. पण कायदा वाचलेला माणूस दोन्ही गावांत कुणी नव्हता आणि अफवा मात्र दोन्हीकडे पोचली होती. बारा-तेरा वर्षांची पोर नाका ओलांडून इकडे आली. नाक्यावरच्या शिपायाने रुखवताची भांडी गाडीतून उतरवून मोजली, हे ती शेवटपर्यंत रागाने सांगे. नवऱ्याचं तोंड लग्नात पाहिलं का नाही हे तिला आठवत नव्हतं. शिपायाचं पाहिलेलं आठवत होतं.

सासू अहिराणी बोलायची. मायला पहिलं वर्षभर निम्मं कळत नसे, म्हणून ती नुसतं ऐकायची, आणि त्या ऐकण्यातूनच सासरच्या मागच्या दोन पिढ्यांच्या गोष्टी तिच्याकडे आल्या. त्यांतली मला आवडणारी साहेबांची. सासूचा सासरा नांदगाव स्टेशनात उतरणाऱ्या साहेबांना बैल आणि गाड्या भाड्याने द्यायचा. साहेब नांदगावला कशाला उतरतील, असं आज कुणीही विचारेल. पण जीआयपी रेल्वेची मुंबईहून भुसावळकडे जाणारी लाइन नांदगाववरून गेली आणि मनमाडहून औरंगाबादकडे गाडी सुरू व्हायला एकोणिसावं शतक सरावं लागलं. तोवर वेरूळची लेणी बघायला निघालेल्या परदेशी पाहुण्याला नांदगावलाच उतरावं लागे. पुढे टांगा, नाहीतर बैलगाडी. खुर्च्या, बाटल्या, पांढरी छत्री आणि साहेबाची मडम, सगळं घेऊन गाडी घाटाने जायची. मग निजामाची मीटर गेज मनमाडला येऊन मिळाली आणि आमच्या खापरपणजोबाचा धंदा बसला. तालुक्याचं गाव अजून नांदगावच आहे, पण तालुक्यातलं मोठं गाव मनमाड. मायच्या सासूने धंदा बसल्याचा दोष रेल्वेला दिला नाही, निजामाला दिला. त्यात तथ्य आहे.

१९४८ च्या पावसाळ्यात मोगलाईतून गाड्याच्या गाड्या इकडे आल्या. रझाकारांच्या भीतीने माणसं बायकापोरांसह, गुराढोरांसह सरहद्द ओलांडत होती. मायचा भाऊ आपलं बिऱ्हाड घेऊन आमच्या गोठ्यात येऊन राहिला. १३ सप्टेंबरला भारताचं सैन्य शिरलं, १७ ला हैदराबाद शरण आलं. भाऊ लगेच निघाला नाही. कापणी कुणाची कोण करतंय ते बघून जाऊ, म्हणाला. मायला या सगळ्यातला आनंद एकच, की नाका उठला. पुढे तो मुलूख १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. माय मात्र मरेपर्यंत माहेरी जायची ती मोगलाईतच. चारमिनारचं चित्र असलेली दोन-तीन हाली नाणी तिच्या गाठोड्यात होती. ती कुणाला विकू दिली नाहीत.

तिच्या गोष्टींत काय येत नसे, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या गावापासून येवला गाडीने जवळचं. तिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेब तिथे म्हणाले. माय तेव्हा विशी-एकविशीची होती. आमच्याच गावातली माणसं त्या परिषदेला गेली असणार, कारण मनमाडच्या रेल्वेत काम करणारी घरं महारवाड्यात होती. मी मायला पुष्कळदा खोदून विचारलं. तिला काहीच सांगता आलं नाही. ती लपवत नव्हती, तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. वेरूळला गेलेल्या साहेबाची छत्री तीन पिढ्या ओलांडून तिच्यापर्यंत आली आणि वेशीपलीकडच्या वस्तीतली एवढी मोठी हालचाल आली नाही. आजीच्या आठवणींना गावाचा इतिहास म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तो आपल्या आळीचा इतिहास असतो.

दुष्काळ मात्र सगळ्यांचा होता. बहात्तरला मी सहा-सात वर्षांचा, त्यामुळे इथून पुढे तिच्या गोष्टीत मीही आहे. सलग पाऊस गेला होता. बैल बाजारात नेले तर घेणारा नाही. सरकारने कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. माय पंचावन्नच्या घरातली, पण माझ्या वडिलांबरोबर कामावर गेली. हजेरीपटावर मुकादमाने तिचं वय चाळीस लिहिलं. म्हणजे सरकारदरबारी तिचं वय दोनदा कमी झालं, आणि पहिल्या वेळी ते तिने स्वतः सांगून करून घेतलं होतं, नाहीतर घरी पाठवली असती. दिवसभर खडी फोडायची. हाताला घट्टे पडले, ते कधी गेले नाहीत.

रेशनला मिलो यायचा. परदेशातून आलेली लाल ज्वारी. भाकरी गरम असेतोवर गिळता यायची, गार झाली की चपलेचा तळ. कामावरच्या पोरांना सुकडी मिळायची, पिवळी, गोडसर. मला ती फार आवडे, आणि घरातल्या मोठ्यांना माझं ते आवडणं बघवत नसे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तो या खडीवरून आला. पुढे देशाने असा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचं उदाहरण समोर होतं. मायला यातलं काही माहीत नव्हतं. आपण फोडलेल्या खडीचा रस्ता कोणता ते माहीत होतं, आणि त्यावरून एसटी गेली की ती म्हणायची, "माझ्यावरून चालली."

गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पांझणजवळ. १९६९ मध्ये पुरं झालं. साडेअठरा टीएमसीचं पाणी. एकदा मायला दाखवायला नेलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे पाणी जातं कुठं? पाटाचं पाणी मुख्यतः चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडे, खाली जळगाव जिल्ह्यात जातं, असं वडिलांनी सांगितलं. "मंग हितं कशाला बांधलं?" याचं इंजिनिअरी उत्तर आहे. पाणी अडवायला जागा वर लागते, पाटाला जमीन खाली. ते वडिलांनी दिलं. तिला पटलं नाही. पुढे त्याच धरणावरून छप्पन्न खेड्यांची पाणीयोजना आली, तरी नळाला पाणी किती दिवसांनी येतं हा आमच्याकडे अजून रोजच्या बोलण्याचा विषय आहे.

२०१३ च्या उन्हाळ्यात टँकरसमोर हंड्यांची रांग लागली तेव्हा ती पंच्याण्णव पार होती. बहात्तरला खायला नव्हतं पण हिरीत थोडंफार पाणी होतं, आता दुकानात सगळं आहे आणि हिरीत काही नाही, असं ती म्हणाली. मराठवाड्यात, नगरमध्ये त्या वर्षी कितीतरी म्हाताऱ्यांनी हेच सांगितलं, आणि भूजलाचे आकडे बघणारी माणसंही हेच सांगत होती. बहात्तरनंतर गावोगाव बोअरचं यंत्र आलं, आधी हापशासाठी, मग उसा-कांद्यासाठी. हापसा आला तेव्हा मायने त्याला हळदकुंकू लावलं होतं.

माय २०१६ मध्ये गेली. तिच्यानंतर आमच्या घरात नाका पाहिलेलं कुणी उरलं नाही. पण बहात्तरला खडीवर गेलेली माणसं अजून आहेत. तेव्हा विशीत असलेली आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. तुमच्या घरात, शेजारी, आणि विशेषतः ज्या वस्तीत तुमचं जाणंयेणं नाही तिथे, त्यांना जाऊन विचारा. कामावर कोण कोण होतं, मुकादम कोणाला आधी घ्यायचा, पाणी कोणाच्या विहिरीवरून यायचं आणि तिथे कोणाला भरू देत नसत. लिहून घ्या, जमल्यास याच वर्षी.