सोडत, सरकार आणि सरहद्द

मुंबईचा टाऊन हॉल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे प्रचंड स्तंभ व दगडी पायऱ्यांची ती रुंद ओळ विसरता येणार नाही. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ साली स्थापिलेल्या लिटररी सोसायटीच्या मंडळींनी ह्या वास्तूची कल्पना प्रथम मांडली आणि तिच्यासाठी द्रव्य उभारण्याकरिता लॉटरी काढण्यात आली. तो पैसा पुरला नाही. उरलेला भार कंपनी सरकारने उचलला व इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. ज्ञानमंदिराच्या पायात जुगाराचा पैसा असावा, ह्याचे त्या काळी कोणास वैषम्य वाटल्याचे दिसत नाही.

कलकत्त्यास तर हा मार्ग राजमार्गच ठरला होता. तेथील टाऊन हॉल १८१३ साली उभा राहिला तो लॉटरीच्या उत्पन्नातून. पुढे १८१७ साली 'लॉटरी कमिटी' नेमण्यात आली आणि जवळजवळ वीस वर्षे शहरसुधारणेचा कारभार तिच्या हाती राहिला. हुगळीच्या काठचा स्ट्रँड रोड, उत्तरेकडे जाणारे कॉर्नवालिस स्ट्रीट व कॉलेज स्ट्रीट, पिण्याच्या पाण्याचे तलाव ही सारी तिची कामगिरी होय. तिकिटे विकावयाची, त्यांतून बक्षिसे वाटावयाची आणि शिल्लक राहील ती रस्त्यांवर खर्चावयाची, असा हा सरळ हिशेब होता. कर बसविला तर प्रजा कुरकुरते. तिकीट मात्र ती होऊन मागावयास येते! राज्यकर्त्यांस ह्याहून सोयीचे साधन दुसरे कोणते सापडणार?

परंतु इंग्लंडातच लोकमत पालटत होते. तेथील शेवटची सरकारी लॉटरी १८२६ मध्ये निघाली आणि कलकत्त्याच्या कमिटीचे काम १८३६ साली थांबले. १८४४ च्या कायद्याने सरकारी अनुमतीवाचूनच्या लॉटऱ्या बंद करण्यात आल्या. १८७० साली दंडसंहितेत नवे कलम घालून अशा लॉटरीचे कार्यालय चालविणे हा गुन्हा ठरविण्यात आला. येथील खोच वाचकांनी ध्यानात घ्यावी. जे प्रजेने करावयाचे नाही ते सरकारने करण्यास हरकत नव्हती. भारतीय न्याय संहितेतही हा भेद कायम आहे.

स्वतंत्र भारताच्या घटनेने सरकारी लॉटऱ्यांचा विषय केंद्राच्या यादीत घातला आणि इतर जुगार व पैजा राज्यांकडे सोपविल्या. केरळाने १९६७ साली लॉटरीचे स्वतंत्र खातेच उघडले. तिकीट १ रुपयाचे, पहिले बक्षीस ५०,००० रुपयांचे, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ची. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. मटक्याच्या नादी लागलेल्या लोकांस वळवावे, हे तिचे एक समर्थन होते. ते मला कधीच पटलेले नाही.

लवकरच राज्याराज्यांत कलह सुरू झाला. एका राज्याची तिकिटे दुसऱ्यात खपू लागली. म्हणजे पैसा ह्या राज्यातील गरिबाचा आणि उत्पन्न त्या राज्याच्या तिजोरीत! महाराष्ट्राने परक्या तिकिटांवर बंदी घातली. परंतु असा अधिकार राज्यास नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिला. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने तो अधिकार राज्यांस दिला. १९९९ मध्ये न्यायालयाने त्यास एक अट जोडली. दुसऱ्याची लॉटरी बंद करावयाची असेल, तर प्रथम स्वतःची बंद केली पाहिजे. सरकारने काढली म्हणून लॉटरीचे जुगारपण जात नाही, हेही त्याच निकालात स्वच्छ सांगितले आहे. कर्नाटकाने २००७ साली आपली व परक्यांची, दोन्ही लॉटऱ्या बंद केल्या. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या वाटेने निघाले की थोड्याच वेळात शिनोळी येते आणि महाराष्ट्र लागतो. तेव्हापासून महाराष्ट्राचे जे तिकीट शिनोळीस राजमान्य, तेच बेळगावात विकणे हा अपराध झाला.

कागदी तिकिटापुरता हा न्याय चालून गेला. पण ह्या शतकाच्या आरंभी संगणकावरील लॉटरी आली. दुकानातील यंत्रावर ग्राहकाने आकडे निवडावयाचे व त्यांची नोंद तत्क्षणी दूरच्या मध्यवर्ती संगणकात व्हावयाची, अशी तिची रीत. २०१० च्या नियमांनी तिला मान्यता दिली. अशा खेळात ४९ आकड्यांतून ६ निवडावयाचे असतील, तर १,३९,८३,८१६ वेगवेगळे संच होतात. दर आठवड्यास एक तिकीट घेणाऱ्याच्या वाट्यास पहिले बक्षीस सरासरीने २ लाख ६८ हजार वर्षांतून एकदा यावयाचे! नियमांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते यंत्र कोणत्या राज्यात ठेवले आहे ह्यास. ते निदान दुकानात असते आणि दुकानास पत्ता असतो. पण परवान्यावाचून भ्रमणध्वनीवर चालणारे खेळ सुरू झाल्यापासून शिनोळी कोठे संपते व बेळगाव कोठे लागते, हे शोधण्याचे काम पोलिसांकडे आले आहे.