भिंतीवरची रेघ

वैशाखात वळीव आला की कसबा बावड्यात पहिली धावपळ गच्चीवरचे पापड-सांडगे उचलायची. विजा कडाडतात, एखाद्या गोठ्याचा पत्रा उडतो, तासाभरात ऊन पडतं. गावाच्या आठवणीत राहतो तो पूर.

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आमच्या गावचा. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात ‘आज बंधाऱ्यावर किती?’ हे चहाच्या आधी विचारलं जातं. बायकांचं माप मात्र घरातलं. १९८९ ला गोठ्यापर्यंत, २००५ ला सोप्याच्या भिंतीला. सासूबाईंनी त्या भिंतीवर गेरूची रेघ ओढून ठेवलेली. दिवाळीला रंग देताना तेवढी जागा सोडायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच रेघेनं आम्हाला फसवलं. धान्याची पोती रेघेच्या वर फळीवर ठेवली आणि आम्ही निवांत झालो. “ह्याच्या वर कधी चढलं न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. शेजारीही तेच म्हणत होते. रात्रीत पाणी रेघेवरून गेलं. बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर. शिये रस्ता बंद, पुणे-बंगळूर महामार्ग बंद. उपसा केंद्रं बुडाल्यानं शहराचे नळही कोरडे.

नातेवाइकांकडे टँकरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळताना सासूबाई थांबल्या. जिवाणी ज्या पाण्यातली त्याच पाण्यात सोडायची हा आमचा नेम. ह्या टँकरची विहीर कुठली, कुणाला ठाऊक? बराच वेळ त्या तांब्या हातात धरून बसल्या.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्यांचं पाणी पंचगंगेत येतं. पुढे नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला वाट मिळत नाही. पाणी मागं फुगतं, उतरता उतरत नाही. हे आमच्या रेघेला कुठून कळणार?

२०२१ च्या जुलैत पातळी ५६ फुटांच्याही वर गेली. त्या वेळी भिंतीकडे कुणी बघितलं नाही. बंधाऱ्यावर ४३ ऐकलं तशी आम्ही जनावरं सोडली, कागदपत्रांची पिशवी घेतली आणि निघालो.

आता भिंतीवर तीन रेघा आहेत. नातवंडांनी विचारलं की सासूबाई सांगतात, “पाणी हितवर आल्तं, एवढंच ही रेघ सांगती. हितंच थांबंल, असं न्हाई सांगत.”

जून लागला की ती पिशवी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असते.