आत कधी, बाहेर कधी

नागपुरात वेस्ट हायकोर्ट रोडवर आणि त्याला फुटणाऱ्या धरमपेठेतल्या गल्ल्यांत वकिलांच्या पाट्या जागोजाग दिसतात. उच्च न्यायालय आणि जिल्हा न्यायालय दोन्ही शेजारच्या सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणून वकिलांची घरे या बाजूला. कोर्टाच्या वेळेआधी इथल्या एखाद्या दाराची घंटा वाजते तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या आईचा किंवा भावाचा पहिला प्रश्न कलमाबद्दल नसतो. ‘आमच्या पोराला नेलं कुठे?’ एवढेच त्यांना कळायला हवे असते. पुढे काही आठवड्यांनी जामीन झाला की दुसरा प्रश्न येतो : ‘मग सुटणार कधी?’

या दोन प्रश्नांची उत्तरे देणारी वही गेली सव्वाशेहून अधिक वर्षे कायद्याने लिहिली जाते आहे. ती कुणासाठी लिहायची, हे मात्र फार उशिरा ठरले.

धरमपेठेच्या झेंडा चौकातून शंकरनगर, बजाजनगर मागे टाकत राहाटे कॉलनीपर्यंत आले की वर्धा रोडला मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. १८६४ सालचा हा तुरुंग. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘अजनीचा तुरुंग’. त्याच्या दप्तराला आजचे रूप दिले ते १८९४ च्या तुरुंग कायद्याने. या कायद्याच्या १२ व्या कलमात ठेवायच्या वह्यांची यादीच आहे. दाखल झालेल्या कैद्यांची नोंदवही, प्रत्येकाची सुटका कधी व्हायची ते दाखवणारी वही, शिक्षांची वही, तुरुंगाला भेट देणाऱ्या अभ्यागतांच्या शेऱ्यांची वही आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद. आत येणे आणि बाहेर जाणे यांसाठी वेगवेगळ्या वह्या असाव्यात, हे इंग्रजांच्या कारभाराला नेमके सुचले होते.

दाखल होण्याची ती घटका जवळून पाहण्यासारखी आहे. कोर्टाचे वॉरंट पोलीस तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देतात. वॉरंट नसेल तर तुरुंगाने माणूस आत घ्यायचाच नाही. मग झडती. मग वैद्यकीय तपासणी : प्रकृती कशी, अंगावर जखमा किंवा खुणा कोणत्या, कोणते काम झेपेल, हे सारे लिहून ठेवावे लागते. डाव्या भुवईवरचा जुना व्रण, उजव्या दंडावरचे गोंदण, अशी माणसाची ओळख शाईत उतरते. अंगावरच्या जखमांची नोंद तर फार मोलाची. कोठडीत मारहाण झाल्याचा आरोप पुढे उभा राहिला की या एका ओळीला साक्षीदाराची किंमत येते. जिन्नसांची यादी तितकीच सावध असते. अंगठी सोन्याची आहे असे सरकारी कागद सहसा म्हणत नाही. ‘पिवळ्या धातूची’ असे लिहितो, म्हणजे सुटताना सोने की पितळ असा वाद नको. त्यानंतर माणूस ‘कच्चा’ की ‘पक्का’ ते ठरते. खटला चालू असलेला कच्चा कैदी, शिक्षा झालेला पक्का.

सुटकेची तारीख कैद्याच्या गळ्यात अडकवण्याची रीतही एके काळी होती. अंदमानात बंदिवानाच्या बिल्ल्यावर त्याचा क्रमांक, कलम आणि सुटकेचे वर्ष कोरलेले असे. विनायक दामोदर सावरकरांच्या बिल्ल्यावरचे वर्ष होते १९६०, म्हणजे शिक्षा झाल्यापासून पन्नास वर्षांनंतरचे.

नागपूरच्या वहीत १९२३ साली अचानक गर्दी झाली. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला सरकारने बंदी घातली आणि १ मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज एक तुकडी निघायची, अडवली जायची, तुरुंगात जायची. जमनालाल बजाज पकडले गेल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. ऑगस्टमध्ये मिरवणूक त्याच रस्त्याने पार पडली, तोवर दीड हजारावर माणसे गजाआड गेली होती. विनोबा भावे त्यांतलेच. तुरुंगात जागा पुरेना, तेव्हा विनोबांसह अनेकांना अकोल्याला हलवावे लागले. त्याआधी १९२१ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झालेले डॉ. केशव बळीराम हेडगेवार अजनीच्याच तुरुंगात होते आणि जुलै १९२२ मध्ये सुटले. विनोबा वैयक्तिक सत्याग्रहाच्या वेळी, १९४० साली, पुन्हा नागपूरच्या तुरुंगात आले. बेचाळीसच्या चळवळीतल्या हिंदुस्थान लाल सेनेच्या शंकर महाले यांना जानेवारी १९४३ मध्ये इथेच फाशी झाली. त्यांच्या नावापुढे सुटकेची तारीख पडायचीच राहिली.

लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखी हे सगळे गुन्हेगार होते. नाव, बापाचे नाव, कलम, मुदत. स्वातंत्र्य मिळाले आणि त्याच ओळींचा अर्थ पालटला. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. अट साधारण सहा महिन्यांच्या कारावासाची होती, पुढे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिन्यांची झाली. पुरावा काय? तुरुंगाचा दाखला. ज्या नोंदीने एके काळी घराला बट्टा लागत होता, ती मिळवायला म्हातारी माणसे आता कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागली. पण सगळ्याच तुरुंगांची जुनी दप्तरे टिकली नव्हती. अशा वेळी सहबंदी दाखल्याची सोय होती. ‘हे माझ्याबरोबर अमुक तुरुंगात होते’ असे ज्याची स्वतःची कैद सिद्ध झाली आहे अशा स्वातंत्र्यसैनिकाने लिहून द्यायचे. वही हरवली तर बराकीतल्या सोबत्याची आठवण हाच पुरावा. त्यातली माणुसकी मोठी होती, तशी फटही मोठी होती. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. दप्तर नीट राखले नाही की खऱ्याला खेटे घालावे लागतात आणि खोट्याला वाट सापडते, हे त्या प्रकरणात उघड्यावर आले.

मध्यंतरी आणीबाणी आली. जून १९७५ नंतर ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेल्यांची बाब याहून बिकट होती. कायद्यात १६-अ हे नवे कलम घातले गेले आणि त्याच्या नवव्या पोटकलमाने स्थानबद्धतेची कारणे ही राज्याची गुपिते ठरवली. ती कुटुंबाला सांगायची नाहीत. खुद्द पकडलेल्या माणसालाही नाहीत. धरमपेठेपासून हाकेच्या अंतरावर, नागपूर खंडपीठात, या पोटकलमाचा अर्थ मर्यादित करण्याचा प्रयत्न झाला. निदान न्यायाधीशांना तरी कागद पाहता यावेत, ही त्यामागची भूमिका. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात ती वाट बुजवली. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले.

पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन जाहीर केले. एक महिन्याहून जास्त काळ आत असलेल्यांना दरमहा दहा हजार, त्याहून कमी असेल तर पाच हजार. २०२० मध्ये ते बंद झाले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू. किती दिवस आत होतो हे सांगणाऱ्या दोन तारखांना चाळीस वर्षांनी पुन्हा भाव आला.

पण हे झाले गाजलेल्या नावांचे. रोज पकडल्या जाणाऱ्या साध्या माणसाच्या घरच्यांना कळवण्याची सक्ती उभी राहिली ती १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने. अटकेचा कागद जागेवर तयार करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, वेळ व तारीख लिहायची, नातेवाइकाला कळवायचे. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-क हे कलम आले आणि नोव्हेंबर २०१० पासून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव-हुद्दा लावणे बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमाने अटक केलेल्यांची नावे-पत्ते प्रत्येक ठाण्यात आणि डिजिटल रूपातही मागितले आहेत. जुन्या कलमाच्या फलकावर अधिकाऱ्याचेही नाव असे, ही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट होती. ‘कुणी नेले’ हे उघड असले की माणूस गायब करणे अवघड होते.

उघडेपणाचे दुसरे टोक अमेरिकेत दिसते. तिथल्या कित्येक काउंट्यांमध्ये शेरीफचे कार्यालय तुरुंगात आलेल्यांची यादी छायाचित्रांसह उघडी ठेवते. कुणीही पाहावी. त्यातून एक वाईट धंदा निघाला. ती छायाचित्रे उचलून छापायची आणि काढून टाकायला पैसे मागायचे. काही राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आरोप अजून सिद्ध व्हायचा असताना चेहरा बाजारात मांडणे आपल्याकडे येऊ नये, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. आईला पत्ता कळावा आणि अधिकाऱ्याला जाब विचारता यावा, इतपत नोंद उघडी असणे वेगळे. शेजाऱ्याला तमाशा मिळावा म्हणून ती उघडी असणे वेगळे.

आत जाण्याच्या बाजूला निदान कायदा तरी भक्कम आहे. दुखणे दुसऱ्या बाजूला आहे. बिहारमधला रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरला आणि १९८२ मध्ये सुटला. चौदा वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्याला भरपाई दिली, पस्तीस हजार रुपये. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेरची जामीनपेटी २०२१ मध्ये घराघरांत माहीत झाली. संध्याकाळच्या ठरल्या वेळेपर्यंत आदेशाची प्रत पेटीत पडली नाही, तर आणखी एक रात्र आत. जामीन गुरुवारी होऊनही एका नामवंत अभिनेत्याचा मुलगा शनिवारी बाहेर आला, म्हणून तिची चर्चा झाली. निनावी घरांतली पोरे अशा रात्री मोजतच आली होती.

३१ मार्च २०२२ रोजी न्यायालयाचे आदेश थेट तुरुंगात पोचवणारी ‘फास्टर’ ही यंत्रणा सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावले : जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकामार्फत बंद्याला द्या, ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीत जामिनाची तारीख भरा आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. तरीही जून २०२५ मध्ये गाझियाबादच्या तुरुंगातल्या एका तरुणाची गोष्ट न्यायालयासमोर आलीच. आदेशात पोटकलमाचा एक आकडा राहिला होता, तेवढ्यावरून तो अठ्ठावीस दिवस आत राहिला. पाच लाखांची भरपाई झाली.

नागपुरातल्या कुटुंबाच्या हाती आज तीन वाटा आहेत. खटल्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्टवर टाकला की तारीख आणि आदेश दिसतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज विनामूल्य करता येतो. आणि माहिती अधिकार कायद्याच्या सातव्या कलमात एक ओळ आहे, ती फारशी वापरली जात नाही : माहिती माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यायची. दहा रुपयांच्या अर्जावर मिळणारा हा हक्क आहे. बंदी आत आहे का, कोणत्या वॉरंटवर आहे, सुटकेचा आदेश कधी पोचला, हे यातून विचारता येते.

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात वर्धा रोडच्या त्या दरवाजाशी पत्रकारांची गर्दी होती. दिल्ली विद्यापीठातले माजी प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना नागपूर खंडपीठाने मंगळवारी, ५ मार्चला, निर्दोष सोडले होते. ऑक्टोबर २०२२ मध्येही याच खंडपीठाने त्यांना सोडले होते, पण दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन त्या आदेशाला स्थगिती दिली होती. या खेपेस बुधवार उजाडला आणि मावळला. सिव्हिल लाइन्स ते राहाटे कॉलनी हे अंतर रिक्षाने फार तर वीस मिनिटांचे. गुरुवारी, ७ मार्चला सकाळी, चाकांच्या खुर्चीवर बसून ते दरवाजाबाहेर आले.