आधी नक्कल, मग आवराआवर

गेल्या गणपतीची गोष्ट. आरासीचे सामान काढायला तळघरात, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या ‘केलर’मध्ये उतरलो आणि मखराच्या खोक्यामागे जुना संगणक दिसला. २००३ साली बाबा सहा महिने वोल्फ्सबुर्गला राहायला आले होते. कालव्यापलीकडच्या वीजघराच्या चार चिमण्या दिसतात त्या खिडकीशी बसून त्यांनी या संगणकावर आपल्या आठवणी टंकल्या होत्या. आता बाबा नाहीत, आणि त्या आठवणींची छापील प्रत घरात कुणाकडेच नव्हती.

संगणक वर आणला, जोडला. बऱ्याच वेळाने विंडोज २००० उघडले. हार्ड डिस्कमधून करकर आवाज येत होता. जुन्या सवयीने माझा हात ‘डीफ्रॅगमेंटीरुंग’कडे वळला. म्हटले, आधी डिस्क आवरून घेऊ, म्हणजे यंत्र जरा पळेल. तेवढ्यात हिने हटकले, “अहो, आधी बाबांचं लिखाण काढून घ्या ना!”

हात थांबला. त्या रात्री मी या आवराआवरीचा इतिहास आठवत बसलो.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली कॅलिफोर्नियात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, आणि त्यांवर मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरे! १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क आली, तेव्हा ती कधी भरेल असे कुणाला वाटले नसेल. पण ती भरू लागली, आणि भरताना विस्कटू लागली.

हे विस्कटणे कसे होते? लग्नाचे वऱ्हाड रेल्वेने निघाले आहे असे समजा. गाडी रिकामी असली तर सगळे एका डब्यात बसतात. पण मधल्या स्टेशनांवर माणसे चढली-उतरली, की उरलेल्या जागा दिसतील तशा धरायच्या. मामा एका डब्यात, मावशी चौथ्यात. फाइलींचेही असेच होते. जुन्या फाइली पुसल्या की मोकळ्या जागा पडतात, आणि नव्या फाइलीचे तुकडे त्यांत विखरून बसतात. कोण कुठे बसले आहे याची यादी डिस्कवर असते, म्हणून कुणी हरवत नाही; पण डिस्कवरून फिरणाऱ्या वाचकाला धावपळ करावी लागते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे अकरा मिलिसेकंद लागतात. तुकडे हजारो असले, की हा उशीर आपल्याला जाणवतो.

एक गंमत पाहा. डिस्क तपासणारी ‘चेकडिस्क’ ही आज्ञा डॉसच्या पहिल्या आवृत्तीत, १९८१ मध्येच होती. आवराआवर करणारा ‘डीफ्रॅग’ मात्र डॉसमध्ये १९९३ साली, सहाव्या आवृत्तीबरोबर आला. पुढे विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ते रंगीत चौकोन सरकताना आपण चहाचा कप हातात घेऊन पाहत बसलो आहोत. एक-एक चौकोन जागेवर बसला की घर झाडून काढल्याचे समाधान मिळायचे!

विंडोज २००० मध्ये ही सोय आली ती कॅलिफोर्नियातील एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीकडून. कंपनीचे प्रमुख क्रेग जेन्सन हे सायंटॉलॉजी पंथाचे अनुयायी होते, आणि जर्मनीत या पंथावर १९९७ पासून घटनासंरक्षण विभागाची नजर होती. त्यामुळे इथे मोठा वाद उठला. जो प्रोग्राम डिस्कवरच्या कोणत्याही फाइलीला हात लावू शकतो, तो सरकारी संगणकांवर कुणाच्या भरवशावर चालवायचा? हा धार्मिक भेदभाव आहे, अशी उलट टीकाही झाली. शेवटी २००० साली मायक्रोसॉफ्टने तो भाग काढून टाकण्याची रीत जाहीर केली. आक्षेप शंकेवर उभा होता, कुणी चोरी पकडली होती असे नव्हे.

आपल्याला हा सावधपणा अतिरेकी वाटेल. पण वोल्फ्सबुर्गहून पूर्वेला थोडे गेले की ओबिसफेल्डे लागते. १९८९ पर्यंत तिथे पूर्व जर्मनीची कडेकोट सीमा होती. पलीकडे श्टाझीने लोकांच्या फाइली भरून ठेवल्या होत्या, आणि १९९२ पासून त्या फाइली ज्यांच्या त्यांना पाहता येऊ लागल्या. ‘आमच्या कागदांना कोण हात लावतो?’ हा प्रश्न इथल्या माणसाला सहज सुचतो, त्याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते.

याच विंडोज २००० ने आपल्यालाही काही दिले. युनिकोडमधले देवनागरी आणि ‘मंगल’ हा टंक विंडोजमध्ये त्याच आवृत्तीपासून आला. बाबांनी इन्स्क्रिप्टचा तक्ता कागदावर काढून भिंतीला चिकटवला होता. त्यांची मराठी ज्या पेटीत जपली गेली, त्याच पेटीत ते वादग्रस्त हत्यारही होते.

दुसऱ्या दिवशी क्रम बदलला. आधी बाबांचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवला. मग चेकडिस्क नुसते पाहण्यापुरते चालवले. त्याने दोष दाखवले. दुरुस्तीची परवानगी दिली नाही, कारण दुरुस्ती म्हणजेही डिस्कवर नव्याने लिहिणे. आणि डीफ्रॅग तर चालवलाच नाही. आजारी डिस्कवरचा सगळा पसारा उचलून हलवणे म्हणजे तापातल्या माणसाला घर बदलायला लावणे.

बारा प्रकरणांपैकी अकरा मिळाली. शाळेच्या आठवणींचे प्रकरण काही केल्या उघडेना. आता ते दिवस साताऱ्याचे काका दर रविवारी फोनवर सांगतात आणि मी टंकतो. बाबा ज्याला ‘खोडकर’ म्हणत, तो मुलगा काकांच्या सांगण्यात भलताच शहाणा निघतो!

आजच्या बहुतेक संगणकांत फिरत्या तबकड्या नसतात. त्या चिप्सच्या डिस्कला डीफ्रॅग लागत नाही, उलट तिची झीजच होते. आणि फिरत्या डिस्कसाठी विंडोज हे काम व्हिस्टाच्या काळापासून, म्हणजे २००७ पासून, आपले आपणच करते. पण आपल्यापैकी अनेकांच्या केलरमध्ये एखादी जुनी पेटी असेलच. नीटनेटके ठेवणे वेगळे आणि जपून ठेवणे वेगळे, एवढे मला या डिस्कने शिकवले. तेव्हा मंडळी, यंदा आरास काढायला खाली उतराल तेव्हा ती पेटीही वर आणा. आधी नक्कल करा, मग तपासा. आवराआवर राहिली तरी चालेल.