जुन्या रायफलीचे हरवलेले माप

सुरत शहराच्या कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांचे सतराव्या शतकापासूनचे कबरस्तान आहे. त्यातील सर्वांत भव्य वास्तू ऑक्झिंडेन बंधूंच्या थडग्याची. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला आणि सर जॉर्ज १६६९ मध्ये. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मोगल अधिकारी किल्ल्यात जाऊन बसला. सर जॉर्जने मात्र सुवाळीच्या जहाजांवरून खलाशी आणवून आपली वखार राखली.

त्या वखारीतील बंदुकांविषयी एक गोष्ट इतिहासग्रंथांत क्वचितच सांगितली जाते. त्या काळी एका बंदुकीची गोळी दुसऱ्या बंदुकीस लागेलच असा भरवसा नसे. नळीचे माप कारागिराच्या हातावर अवलंबून असे, आणि ते सांगण्याची रीत अशी की, एका रत्तल शिशाच्या त्या नळीजोग्या किती गोळ्या होतात ते मोजावयाचे. बारा बोअरच्या बंदुकीचे नाव आजही त्याच हिशोबाने चालत आले आहे. म्हणून बंदुकीबरोबर तिचा साचा असावा लागे. साचा हरवला की नवा मिळेपर्यंत ती बंदूक भिंतीला टेकून राही. दारूचे माप मात्र एवढे कडक नव्हते. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू चिमूटभर जास्त पडली तर धूर व धक्का वाढे. शहाणा माणूस पुढच्या वेळी हात आवरी.

एकोणिसाव्या शतकात सैन्यांनी मापे ठरवून टाकली. १८५३ ची एन्फील्ड रायफल .५७७ इंचाची होती. तिच्या काडतुसाने १८५७ साली काय घडविले ते शाळेतील मुलेही सांगतील. पुढे १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. सरकारी बंदुकीपुरता मापाचा प्रश्न मिटला.

तो पुन्हा उभा राहिला निर्धूर दारूमुळे. १८८९ मध्ये एबल व ड्यूअर या शास्त्रज्ञांनी कॉर्डाइट सिद्ध केले. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांची ही दारू शेवयांसारख्या बारीक कांड्यांच्या रूपात काडतुसात घालीत. काळ्या दारूच्या मानाने ती थोडी लागे, पण नळीतील दाब कितीतरी अधिक चढवी. उन्हाने काडतूस तापले तर तो आणखी चढे. म्हणून उष्ण देशांसाठी विलायतेतील कारखाने थोडी कमी दारू भरलेली निराळी काडतुसे काढीत. येथे चिमटीचा अंदाज चालत नाही. यासाठीच विलायतेतील तपासणीगृहात रायफलीच्या नळीवर हिशोब ठोकला जाई. उदाहरणार्थ ‘कॉर्डाइट ७०–४८० मॅक्स’, म्हणजे सत्तर ग्रेन कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी, याहून अधिक नाही. एका रत्तलाचे ७,००० ग्रेन होतात. त्यावरून हे वजन किती नाजूक ते कळेल.

हा हिशोब रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये आणलेल्या .४५० नायट्रो एक्स्प्रेस काडतुसाचा आहे आणि खरा धोका त्यातच दडलेला आहे. रिग्बीने सव्वातीन इंची जुनेच काळ्या दारूचे काडतूस घेतले व त्यात कॉर्डाइट भरले. बाहेरून दोन्हींचे माप जवळजवळ एकच. नवे काडतूस जुन्या रायफलीत बसू शकते, खटका ओढला की चालूही शकते, पण ती नळी तेवढा दाब सोसण्यासाठी घडविलेलीच नसते. काडतूस बसले म्हणजे ते त्या रायफलीचे, ही समजूत येथे जिवावर बेतते.

त्यात हिंदुस्थान सरकारने आपली भर घातली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .४५० च्या होत्या. चोरीस गेलेल्या त्या रायफलींना खासगी दारूगोळा मिळेल या भयाने १९०७ च्या सुमारास हे माप शिकाऱ्यांना बंद झाले. मग विलायती कारागिरांनी .४६५, .४७०, .४७६ अशी शेजारची मापे काढली. .३०३ हेही सैन्याचे माप म्हणून खासगी माणसास वर्ज्य. तेव्हा ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर काडतुसावरून.३१५ आले. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्यानेही त्याच मापाची रायफल बनविली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतातही सैनिकी मापांवर बंधने होती, तेथे लोकांनी.३०३ चेच तोंड आवळून .२५ इंची गोळीचे काडतूस केले. ज्याने बंदी घातली त्याला असली प्रजा अपेक्षित नसावी!

कोणत्याही कारखान्याच्या यादीत नसलेल्या अशा काडतुसास अमेरिकेत ‘वाइल्डकॅट’ म्हणजे रानमांजर म्हणतात. त्यांपैकी काही पुढे माणसाळतात. नीडनर याने १९२० च्या सुमारास केलेले .२५-०६ हे काडतूस रेमिंग्टन कंपनीने १९६९ मध्ये यादीवर घेतले. बाकीची करणाऱ्याच्या वहीत राहतात, आणि वही हरवली की आपण पुन्हा सतराव्या शतकातील साचा हरवलेल्या माणसाच्या जागी येतो. अशा विखुरलेल्या वह्यांतील मजकूर पी. ओ. ॲकली याने १९६२ व १९६६ च्या दोन खंडांत एकत्र केला. पण त्यातील पुष्कळ आकडे दाब न मोजताच लिहिलेले असल्यामुळे जाणकार ते जपूनच वाचतात.

मग अनोळखी रायफलीचे माप शोधावे कसे? प्रथम नळीवरील ठसे वाचतात. नंतर काडतूस बसते त्या घरात मंद आचेवर वितळणारा मिश्रधातू ओततात. तो थिजताना किंचित आकसतो म्हणून ठसा सहज निघतो, आणि सुमारे तासाभरात फुगून बरोबर घराच्या मापावर येतो. तेव्हा तो मोजावयाचा. नळीतून मऊ शिशाची गोळी ठोकून काढली की तिचे खरे अंतर्माप मिळते. पण एवढ्याने आकार कळतो, सोसण्याची ताकद कळत नाही. ती कागदावरच सापडते. रिग्बी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या कंपन्यांच्या जुन्या वह्या टिकल्या आहेत, आणि रायफलीच्या क्रमांकावरून ती मुळात कशासाठी घडविली होती ते त्यांत पाहता येते. दुनळी रायफल असेल तर हे अधिकच अगत्याचे. तिच्या दोन्ही नळ्या एका ठराविक भरणीवर जुळविलेल्या असतात. भरणी बदलली की दोन गोळ्या दोन दिशांना जातात.

विलायतेतील काइनॉक कारखान्याने १९६० नंतरच्या दशकात ही मोठी काडतुसे करणे थांबविले. आपल्याकडे १९७२ च्या वन्य जीव कायद्याने शिकारीचा काळ संपला, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याविना काडतुसे बनविणे हा गुन्हा आहे. तरीही वारशाने आलेल्या रायफली अनेक घरांत परवान्यावर आहेत. परवान्यात बोअरचा आकडा असतो. .४५० एवढे तेथे लिहिलेले असले, तर ती मार्टिनी-हेन्री, काळ्या दारूची एक्स्प्रेस की रिग्बीची नायट्रो, हे त्या आकड्यावरून कोणासही सांगता येणार नाही.