व्हरांड्यांतील सरहद्द

ता. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे आतांच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले व त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांत दोघे महाराष्ट्रीय डॉक्टर होते : प्रार्थनासमाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणते सखाराम अर्जुन. उरलेल्या सहांपैकीं एडवर्ड हॅमिल्टन एटकेन याच्याविषयीं येथें लिहावयाचें आहे.

एटकेनचा जन्म १८५१ सालीं साताऱ्यास एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरीं झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यानें कांहीं वर्षें लॅटिन शिकविलें व पुढें तो जकात आणि मीठ यांच्या खात्यांत शिरला. त्या काळच्या साहेबलोकांचें प्राणिप्रेम बहुधा बंदुकीच्या वाटेनें प्रकट होई. दिवाणखान्यांत वाघाचें कातडें पसरलें कीं निसर्गाभ्यास पुरा झाला! एटकेननें मात्र आपली खुर्ची बंगल्याच्या व्हरांड्यांत मांडली. त्याचें 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटिअर' हें पुस्तक त्याच १८८३ सालीं निघालें. सरहद्दीवरच्या टोळ्या म्हटल्या कीं त्या वेळीं वायव्येकडील पठाण आठवत. एटकेनच्या टोळ्या म्हणजे उंदीर, डांस, पाली, मुंग्या, कावळे आणि बेडूक.

पुस्तक विनोदी आहे, आणि अनेकांनीं तें विनोद म्हणूनच वाचलें असावें. पण १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें, हें लोकांस अनुभवानें कळलें. रोग उंदराकडून माणसाकडे येतो कसा, हें मात्र विद्वानांसही उमगेना. १८९८ त कराचीस सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरील पिसवांचें काम प्रयोगानें दाखविलें, तरी तें सर्वमान्य होण्यास कित्येक वर्षें गेलीं. आदल्याच वर्षीं सिकंदराबादेस रॉसला डांसाच्या पोटांत हिवतापाचा जंतु दिसला होता. पंधरा वर्षांत एटकेनच्या थट्टेचे दोन विषय यमदूत ठरले. पुढें सरकारनें त्यालाच गोव्याच्या हद्दीवरील जकातनाक्यांवर हिवतापाच्या चौकशीस धाडलें. तेथें त्याला डांसाची एक नवी जात सांपडली व तिला त्याचेंच नांव मिळालें. पुस्तकांतली सरहद्द अशी शेवटीं अक्षरशः खरी झाली. १९०९ सालीं तो एडिंबरोस वारला.

सखाराम अर्जुन १८८५ तच गेले, आत्माराम पांडुरंग १८९८ त. दोघेही नामांकित वैद्य. उंदीर आणि डांस ज्या घरांत शिरत, त्या घरांत त्यांची रोज ये-जा. तसें पुस्तक त्यांनीं लिहावयास हवें होतें, असें म्हणणें अन्यायाचें होईल, कारण रोग्यांनीं त्यांना सवड ठेवली नसेल. परंतु ज्यांना सवड होती त्या सुशिक्षितांचें काय? ओटी आमची, पाली आमच्या, आणि डांस तर निःसंशय आमचेच. पाल अंगाच्या कोणत्या भागीं पडली असतां काय फळ मिळतें, याचें कोष्टक आमच्या पंचांगांत पिढ्यान्‌पिढ्या छापलें गेलें. तीच पाल दिवेलागणीस कोणत्या कोपऱ्यांतून निघते आणि एका रात्रींत किती किडे टिपते, याचें टांचण ठेवणारें घर मात्र क्वचितच सांपडेल.