भाजलेल्या मातीची गोष्ट

झाडं हवेतला नायट्रोजन घेतात का, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद. इंग्लंडात रॉथमस्टेडला लॉझ, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये तो कुंड्यांत सोडवायला घेतला. मातीत आधीचा नायट्रोजन उरू नये म्हणून ती खूप तापवली, रोपं काचेखाली झाकली. उत्तर आलं : घेत नाहीत!

कडधान्यानंतर जमिनीचा कस वाढतो, हे मात्र शेतकरी रोमन काळापासून सांगत होते. मग खोटं कोण?

१८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेल यांनी उलगडा केला. निर्जंतुक वाळूत खुरटलेला वाटाणा, शेतातली माती कालवलेलं थोडं पाणी मिळताच तरारला. मुळांवर गाठी धरल्या. त्या गाठींतले जीवाणू रॉथमस्टेडच्या मातीत भाजूनच गेले होते. इतकी काळजी घेतली आणि तिनंच उत्तर हरवलं! गिल्बर्ट यांनी पुढे पुन्हा प्रयोग करून हे मान्य केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

उलटही घडतं. वाळलेली माती भिजवली की तिच्यातला नायट्रोजन एकदम मोकळा होतो, हे बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कामातून १९५८ मध्ये मांडलं. म्हणून कुंडीतलं रोप तरारलं किंवा खुरटलं, तर आधी विचारावं : मातीचं काय केलं होतं?